वहाबभाऊंचा उलटा कागद

वहाबभाऊंकडे घड्याळ नव्हते. फोटो घेताना भिंगावरचे झाकण किती वेळ उघडे ठेवायचे, हे ते चांद्याच्या चार वेशींची नावे घेऊन मोजत. ऊन कडक असले तर नुसते ‘जटपुरा’ म्हणून झाकण लावीत. ऊन उतरलेले असले तर ‘जटपुरा, बिनबा’. आभाळ भरून आलेले असले तर मात्र चारही वेशी, एकेक सावकाश: ‘जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर.’ समोरच्या माणसाने तेवढा वेळ स्वतःला धरून ठेवायचे.

“हालू नका,” ते सांगत, “पन मुडद्यावानी बी नका बसू. मी काई सुई टोचून नाई राह्यलो.”

ही एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. मी वडशाहून आलेला, विशीतला हंगामी कारकून. रस्त्यांचे काम पाहणाऱ्या एका लहानशा कचेरीत मोजणीच्या वह्या लिहीत असे. कचेरी कोणती, ते सांगण्यात अर्थ नाही. जे घडले त्यात चूक कचेरीची नव्हती.

कागदपत्रांना लावायला फोटो हवा होता, म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. तीन पायांवर उभी केलेली लाकडी पेटी, तिच्या मागे काळ्या कापडाची बाही, शेजारी पाण्याची बादली. पेटीमागे एक उंच, वाळका माणूस, पन्नाशी उलटलेला. त्याच्या उजव्या अंगठ्याचे नख औषधाने कायमचे काळे पडले होते. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो.

“तिथी काऊन उभे राह्यले, बाबू? तुमचं दार कुठी हाय?”

“मी वडशाचा. दार तिकडे आहे.”

“मंग राहाता कुठी?”

मी खानावळीचे नाव सांगितले. त्यांनी पेटी खांद्यावर टाकली, बादली माझ्या हातात दिली आणि मला खानावळीपर्यंत चालवत नेले. तिथल्या मालकिणीने विचारले, “काऊन जी वहाबभाऊ, आज कोनाले पकडून आनलं?” ते म्हणाले, “बिनदाराचा मानूस सापडला, बाई. तुमचं दार दोन मिनिटं उसनं द्या.”

हा त्यांचा नेम होता. माणूस त्याच्या दारासमोरच उभा करायचा. पडदा नाही, रंगवलेली बाग नाही, कागदी मोर नाही. चौकटीत दार पुरते यायला हवे, उंबरा यायला हवा, ओटा असला तर ओटाही. त्यासाठी माणसाचे पाय कापले गेले तरी त्यांना चालत असे. लग्नातल्या नवरदेवाला त्यांनी एकदा घोड्यावरून खाली उतरवले होते, घोड्याच्या आड दार जाते म्हणून. वरबापाने आरडाओरडा केला, तेव्हा शांतपणे म्हणाले, “घोडा भाड्याचा हाय, भाऊ. दार तुमचं हाय.”

त्या दिवशी खानावळीच्या ओट्यावर त्यांनी मला त्यांची रीत दाखवली. बाहीत कोपरापर्यंत हात घालून, न पाहता, त्यांनी पेटीच्या आतल्या आत कागद औषधातून काढला आणि बादलीत बुडवून माझ्यापुढे धरला. त्यात माझे तोंड कोळशासारखे होते, काळे केस पांढरेफेक आणि डाव्या खिशावरचे पेन उजवीकडे.

“हा उलटा कागद. याच्यात सारंच उलटं येते. काळं ते गोरं, अन् उजवं ते डावं. दोन्ही, ध्यानात ठेवा. याचा पुन्हा एक फोटू काढाचा, तवा दुनिया सरळ होते.”

मग तो ओला कागद भिंगासमोरच्या पट्टीवर चिकटवून त्यांनी त्याचा फोटो घेतला, आणि दुसऱ्या कागदावर मी जसा होतो तसा उतरलो.

“सरळ गिऱ्हाइकाचा,” ते म्हणाले, “उलटा माहा. लोकं सरळ घेऊन जातात, मी उलटे घेऊन बसतो.”

ते खरे होते. त्यांच्या खोलीत पत्र्याची एक मोठी पेटी होती आणि तिच्यात वीसेक वर्षांचे उलटे कागद गल्लीवार लावून ठेवलेले होते. प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने जागा आणि हंगाम. काही कागदांत माणूसच नसे; नुसते दार, नुसती भिंत, गावाभोवतीच्या परकोटाचा ढासळलेला तुकडा. शुक्रवारची नमाज आटोपली की ते स्वतःच्या खर्चाने असे फोटो काढत हिंडत. लोक हसत. कुणी म्हणे, “वहाबभाऊ, घराले सांगा, हालू नको म्हनून.” ते हसत नसत.

“घर पडाच्या आधी थकते, बाबू,” ते एकदा मला म्हणाले. “मानसावानीच. खांदे पाडते. थकलं का मले दिसते. तवा काढून घ्याचा.”

त्या दिवसांत चांद्यातली बरीच घरे थकत चालली होती. परकोटाचे दगड गाड्यांत भरून कुठे कुठे जात. मातीच्या भिंतींच्या जागी सिमेंट येत होते, कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, जागी पत्रे. मला त्यात काही विशेष वाटत नसे. मी तरुण होतो आणि माझे लक्ष नोकरी कायम होण्याकडे होते.

त्यांचा एक किस्सा त्या वेळी गावभर सांगितला जाई. कुणी हौशी शिकारी जंगलातून मारलेला वाघ जीपवर टाकून घेऊन आला आणि त्याने वहाबभाऊंना बोलावणे पाठवले. वाघावर पाय ठेवून तो उभा राहिला. वहाबभाऊंनी पेटी लावली, कापडाखाली डोके घातले, बराच वेळ पाहिले आणि डोके बाहेर काढून विचारले, “साहेब, याचं दार कुठी हाय?”

“कुणाचं?”

“वाघाचं. मी दाराबिगर फोटू नाई काढत. पुऱ्या गावाले मालूम हाय. तुमी याले त्याच्या दारी घेऊन चला, मी येतो पेटी घेऊन.”

शिकारी संतापून निघून गेला. मी त्यांना विचारले, तुम्ही खरेच असे म्हणालात का? ते चहा बशीत ओतत होते. “म्हनलो. पन नंतर वाईट वाटलं. त्या वाघाचा उलटा माह्यापाशी राह्यला असता.”

आता मला ज्या गोष्टीकडे जायचे आहे आणि जिच्यापासून मी तीस वर्षे अंग चोरले, तिच्याकडे जातो.

वहाबभाऊंच्याच गल्लीत मध्यभागी एक कडुलिंब होता. झाडाकडे तोंड करून उभे राहिले की डावीकडे पार्बताबाईंचे घर आणि उजवीकडे एका कापडवाल्याचे. पार्बताबाई विधवा, पदरी लहान मुलगा. ओट्यावर भट्टी मांडून त्या तापल्या वाळूत मुरमुरे आणि लाह्या भाजत आणि तिथेच बसून विकत. ओटा म्हणजे त्यांचे दुकान, आणि त्यांच्या जेवणाचा दुसरा आधार नव्हता. त्यांचा ओटा जुना, फरशांचा. कापडवाल्याने अलीकडे तसाच ओटा आपल्याही दारी बांधला होता, आणि हुशारीने जुन्याच फरशा मिळवून.

गल्ली रुंद करायचे ठरले. नियम असा आला की दुसरी मोठी लढाई संपल्यानंतर बांधलेले ओटे पाडायचे, त्याआधीचे राहू द्यायचे. पार्बताबाई म्हणाल्या, माझा जुना. कापडवाला म्हणाला, माझाही जुना. म्हातारी माणसे साक्ष द्यायला आली, पण प्रत्येक गल्लीत प्रत्येकाचा ओटा जुनाच निघू लागल्यामुळे आमच्या कचेरीच्या साहेबांनी तोंडी साक्ष घेणे बंद केले होते. कागद दाखवा, एवढेच ते म्हणत. दोघांकडेही कागद नव्हता.

तेव्हा मी साहेबांना म्हणालो, कागद आहे. वहाबभाऊंच्या पेटीत.

ही कल्पना माझी होती आणि मला तिचा अभिमान वाटला, हेही लिहून ठेवतो. वहाबभाऊंना सांगितले तेव्हा त्यांना आनंद झाला. इतकी वर्षे लोक ज्या पेटीला हसले, तिचा कुणाला तरी उपयोग होणार होता. त्यांनी लढाईच्या दिवसांतला एक कागद शोधून काढला. महाकालीच्या जत्रेला आलेले कुणी परगावचे कुटुंब कडुलिंबाखाली उभे होते. त्यांचे दार दूर कुठेतरी राहिलेले, म्हणून त्यांना झाडाचा आडोसा दिलेला; मागे दोन्ही घरे दिसत होती आणि ओटा एकाच घराला होता. सरळ फोटो ते कुटुंब तेव्हाच घेऊन गेले होते. राहिला होता तो उलटा.

मला तो दाखवण्याआधीच ते पार्बताबाईंच्या ओट्यासमोर जाऊन, चार माणसांच्या देखत म्हणून आले होते, “बाई, घाबरू नका. तुमचा ओटा माह्या पेटीत हाय.”

पार्बताबाई म्हणाल्या, “पाहा बरं वहाबभाऊ. तुमच्या जबानीवर मी आज रातच्याले झोपतो.”

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. साहेबांना दुपारी अहवाल हवा होता. मी वहाबभाऊंकडे गेलो तेव्हा ते नमाजीला निघाले होते.

“बाबू, आल्यावर याचा सरळ करून देतो. घंटाभर बसा. चाय प्या.”

मी बसलो. थोडाच वेळ बसलो. साहेबांच्या टेबलावर माझ्या कायम होण्याचाही कागद होता, आणि वेळेवर काम देणारा माणूस म्हणून मला त्यांच्यापुढे उभे राहायचे होते. कागदांच्या पेटीला कुलूप नसे. मी उलटा कागद काढला, खिडकीपाशी नेला आणि वाचला. मनाशी काळ्याचे गोरे केले, गोऱ्याचे काळे केले. ते मला आठवले, आणि ते आठवले म्हणून मी स्वतःवर खूश झालो. उजव्याचे डावे करायचे मला आठवले नाही. कागदात ओटा झाडाच्या उजव्या बाजूला होता. मी लिहिले: ‘झाडाच्या उजवीकडील ओटा जुना असल्याचे छायाचित्रावरून दिसते. डावीकडील नंतरचा.’ अहवाल देऊन मी खानावळीत गेलो. कागद माझ्या वहीतच राहिला.

सोमवारी सकाळी मजूर आले. मी मोजणीची वही घेऊन हजर होतो. पार्बताबाईंनी आधी कोणाला काही म्हटले नाही. त्यांना वाटले, मजूर घर चुकले. पहिली फरशी उचकटली तेव्हा त्या धावत वहाबभाऊंच्या खोलीकडे गेल्या. वहाबभाऊ आले. मजुरांच्या मुकादमाने त्यांना सांगितले, “फोटूवरूनच हुकूम झाला, भाऊ. तुमच्याच फोटूवरून.”

वहाबभाऊंनी माझ्याकडे पाहिले नाही. ते पार्बताबाईंना म्हणाले, “बाई, काईतरी उलटं झालं.”

“काऊन जी फोटूवाले,” पार्बताबाई म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. “तुमच्या पेटीतला माहा ओटा कुठी गेला? कापडवाल्याच्या दुकानात ठेवला का?”

लोक हसले नाहीत. हसले असते तर बरे झाले असते. पार्बताबाईंनी भट्टीतली वाळू घमेल्यात भरून घेतली, कारण ती वाळू वर्षानुवर्षे भाजलेली होती आणि तशी पुन्हा मिळत नाही, आणि त्या घमेले घेऊन आत गेल्या.

त्याच दिवशी वहाबभाऊ कचेरीत आले. दारातच उभे राहिले.

“बाबू, पेटीत कागद नाई.”

मी वही उघडून कागद त्यांना दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला.

“तुमी फोटू पाह्यला का कागद पाह्यला?”

“कागद,” मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता मला समजले. ते समजलेले त्यांना माझ्या तोंडावर दिसले असावे. ते बाकावर बसले. त्यांचा काळा अंगठा कागदाच्या कडेवरून फिरत राहिला.

“साहेबाले सांगा,” ते शेवटी म्हणाले. “मोठी गोष्ट नाई. चुकून झालं म्हना. मी याचा सरळ करून आनतो, तुमी सोबत ठेवा. बाईले ओटा पुन्हा बांधाची परवानगी भेटन.”

“सांगतो,” मी म्हणालो.

“आज?”

“या आठवड्यात.”

त्यांनी सरळ फोटो त्याच संध्याकाळी आणून दिला. मी तो टेबलाच्या खणात ठेवला. त्याच आठवड्यात माझा कायम होण्याचा हुकूम निघणार होता. तो निघाला की सांगू, असे मी ठरवले. तो निघाला. मग वाटले, आता लगेच सांगितले तर हुकूम मागे घेतील; महिनाभर जाऊ द्यावा. महिनाभरात कापडवाल्याच्या ओट्यासमोर गटार बांधून झाले, पार्बताबाई भट्टी घेऊन आठवडी बाजारात बसू लागल्या, आणि मग मला असे वाटू लागले की आता सांगून दगड काही परत येणार नाहीत. हे वाटणे खोटे होते. दगडांचा प्रश्नच नव्हता. परवानगी मिळाली असती आणि एका माणसाचा शब्द त्याला परत मिळाला असता.

वहाबभाऊ दर शुक्रवारी नमाजीनंतर कचेरीवरून जात. आत येत नसत. खिडकीतून विचारत, “बाबू, सरळ झालं का?” मी म्हणे, “होईल, वहाबभाऊ.” असे किती शुक्रवार गेले, ते मी मोजले नाहीत. मग त्यांनी विचारणे सोडून दिले. नुसते खिडकीशी थांबत आणि पुढे जात. पुढे पुढे थांबणेही राहिले.

गल्लीने ठरवून टाकले होते की फोटूवाला कापडवाल्याला फितूर झाला. कोणी त्यांना तोंडावर म्हणाले नाही. फक्त दारे मिटू लागली. ते पेटी लावून उभे राहिले की लोक म्हणत, “आमचा नको, भाऊ. आमचं दार राहू द्या.” इतकी वर्षे ज्या दारांना ते पुढे करत आले, तीच दारे आता त्यांच्यासमोर कुणी उभी करीना. त्यांना स्वतःला वाचवणे सोपे होते. माझे नाव घ्यायचे होते, एवढेच. मी त्यांना एकदा रस्त्यात गाठून, कृतज्ञ होऊन म्हणालो की तुम्ही माझे नाव कुठे घेतले नाही. ते थकून हसले.

“मी काऊन घेऊ? ज्याचं त्यानं घ्याचं. दुसऱ्यानं घेतलं तर ती चुगली होते, बाबू. ज्याचं त्यानं घेतलं का ते सरळ होते.”

पावसाळा सरता सरता माझी बदली गडचिरोलीकडे झाली, बढतीवर. वहाबभाऊंना आणि पार्बताबाईंना सांगायला जायचे मी टाळले. नंतरच्या वर्षांत चांद्याला येणे झाले तरी त्या गल्लीत गेलो नाही. वहाबभाऊ बल्लारपूरला मुलीकडे गेले आणि तिकडेच वारले, असे उशिरा कळले. उलट्या कागदांच्या पेटीचे काय झाले, ते कळले नाही.

आता मी स्वतः पन्नाशी ओलांडली आहे, त्या दिवशी पेटीमागे उभ्या असलेल्या माणसाएवढा झालो आहे. मुलगा ऊर्जानगरला असतो. गेल्या हिवाळ्यात त्याच्याकडे गेलो असताना धीर करून गल्लीत शिरलो. कडुलिंब नाही. दोन्ही ओटे नाहीत. जिथे ते होते, तिथे मोटारसायकली उभ्या असतात. पार्बताबाईंची सून दारात तांदूळ निवडत बसली होती. मी तिला सगळे सांगितले: तुमच्या सासूचा ओटा जुना होता, वहाबभाऊंचा फोटो खरा होता, तो त्यांनी मला वाचून दिला नव्हता, मी त्यांच्या माघारी पेटीतून काढला आणि उलटा वाचला. तिने ऐकून घेतले.

“बुढी मरेपर्यंत त्या फोटूवाल्याले शिव्या देत होती,” ती म्हणाली. मग तांदळाकडे पाहत म्हणाली, “तुमी लवकर याले पायजे होतं, भाऊ.”

म्हणून हे लिहितो आहे. त्या गल्लीतली माणसे आता इथे तिथे पांगली आहेत. कुणाच्या तरी वाचनात येईल.

वहाबभाऊंना मी शेवटचे पाहिले ते बदलीच्या दिवशी, मोटार स्टँडवर. मी कोणाला सांगितले नव्हते, तरी ते पेटी आणि बादली घेऊन आलेले होते. आभाळ भरलेले होते.

“उभे राहा, बाबू. एक काढून देतो.”

“इथे दार नाही, वहाबभाऊ.”

“हाय ना. मोटरीचं हाय. जानाऱ्याचं दार तेच.”

मी मोटारीच्या दाराशी उभा राहिलो. त्यांनी झाकण काढले आणि मोजले, “जटपुरा. बिनबा. पठाणपुरा. अंचलेश्वर.” इतक्या सावकाश त्यांना मोजताना मी कधी ऐकले नव्हते. तेवढा वेळ मला त्यांच्याकडे पाहत राहावे लागले. मग बाहीत हात घालून त्यांनी कागद काढला, बादलीत धुतला आणि ओलाच माझ्या हातात दिला. कोळशासारखे तोंड, पांढरे केस. मी थांबलो. ते पुढे काही करीनात.

“याचा सरळ?”

“माहं काम उलट्यापर्यंत,” ते म्हणाले.

चालकाने हाक दिली. मी चढलो आणि खिडकीशी बसलो. तो कागद माझ्याकडे अजून आहे, तसाच. कोणत्याही दुकानात दोन मिनिटांत सरळ करून मिळेल, पण मी दिला नाही. अलीकडे मात्र तो आरशापाशी धरला की केस जुळतात.

मोटार हलली तेव्हा वहाबभाऊ दोन पावले सोबत चालले. “बाबू, घडी नका करू!” ते ओरडून म्हणाले. “दोन्ही हातांनी धरा. वाळेपर्यंत सोडू नका, नाईतर गुंडाळते.” मी दोन्ही हातांनी धरला. मोटार वळणावर आली. मागे त्यांनी बादली रिकामी केली, पेटी खांद्यावर घेतली आणि मोकळा हात माझ्या दिशेने वर केला. माझे दोन्ही हात त्या ओल्या कागदाला लागलेले होते.